फवारा खाली ठेवा, आधी पान उलटून बघा

कराडजवळून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय:

"घरामागं अर्धा गुंठा जागा आहे. निवृत्तीनंतर यंदा पहिल्यांदाच हौसेनं भाजी लावली. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, चवळी, आणि कुंपणावर कारलं-दोडका. गणपतीपर्यंत बाग बघत राहावी अशी होती. पाऊस उघडला आणि सगळं बिघडलं. वांग्याचे शेंडे मान टाकतात, वांगं चिरलं की आत अळी. मिरचीची पानं आकसून गोळा झालीत. कारली वाकडी होऊन पिवळी पडतात, दोडके बोटभर होऊन गळतात. टोमॅटोला बुडाशी काळा डाग. भेंडीची पानं कडेनं पिवळी. चवळीवर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या निघाल्या होत्या, त्या मी वेचून चिरडल्या. तीन आठवड्यांत कडुनिंबाचं तेल, ताक-हिंग, तंबाखूचं पाणी, कपड्याच्या पावडरीचं पाणी, सगळं मारून झालं. आता तर सगळ्याच झाडांच्या पानांची टोकं करपलीत. सासूबाई म्हणतात, बागेला दृष्ट लागली. दुकानदारानं एक बाटली दिलीय, वर कागद नाही. म्हणाला, एकाच फवाऱ्यात सगळं साफ. पण माझा पाच वर्षांचा नातू भेंडी झाडावरून तोडून तशीच खातो, म्हणून हात धजावत नाही. नेमकं कुठलं औषध मारू?"

ताई, तुमचा हात धजावला नाही हे फार बरं झालं. ती बाटली फोडू नका. मोरीत ओतू नका, परसात पुरूही नका. जशी आहे तशी दुकानदाराला परत करा आणि कागद का नाही, हे त्याला चारचौघांत विचारा. कीटकनाशकाच्या डब्यावर नाव, घटक, प्रमाण आणि रंगीत त्रिकोण असलाच पाहिजे, तसा कायदा आहे. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि सगळ्यांत सौम्य हिरवा. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी भाजी तोडायची, हेही डब्यासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. कागदच नसेल तर यातलं काहीच कळत नाही. शिवाय बरीच औषधं आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसात उतरतात, मग भेंडी कितीही धुतली तरी आतलं विष धुतलं जात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचा जीव गेला. ती माणसं तर रोज फवारणी करणारी होती. तुमच्या परसात पाच वर्षांचं पोर हिंडतंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "कुठलं औषध मारू" याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण तुमच्या बागेत एक कीड नाही. पत्रावरून मी मोजली तर आठ वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्यातल्या दोन किडीच्या नाहीतच, एक तुमच्याच फवाऱ्यानं झालेली आहे आणि एका ठिकाणी तुम्ही चिरडलेल्या अळ्या तुमच्याच बाजूच्या होत्या. सगळ्यांवर मिळून एक औषध नसतंच. म्हणून पुढचे चार दिवस काहीही मारू नका, साधं पाणीसुद्धा फवारू नका. नुसतं बघा.

बघायचं कसं, ते सांगते. माझी आई सकाळी वालाच्या वेलाखाली ॲल्युमिनियमचं ताट धरायची आणि वेल हलकेच झटकायची. ताटात काय पडलं ते उन्हाकडे धरून बघायची आणि मगच राख टाकायची की नुसतंच पाणी मारायचं ते ठरवायची. तुम्ही ताटाऐवजी पांढरा कागद घ्या. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग असू द्या, सोनार वापरतात तसं. चष्म्याच्या किंवा शालेय साहित्याच्या दुकानातही मिळतं. ते नसेल तर मोबाइलनं अगदी जवळून फोटो काढून मोठा करून बघा. बघायची वेळ दोनदा: सकाळी सात-साडेसातला, ऊन तापायच्या आत, आणि रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन. दिवसा जी पानं नुसती कुरतडलेली दिसतात, त्यांच्यावर रात्री खाणारा बसलेला सापडतो.

प्रत्येक झाडापाशी पहिली गोष्ट बघायची ती जखम. किडीचं तोंड कसं आहे, ते जखमेवरून कळतं. चावून खाणाऱ्या अळ्या-भुंगेरे भोकं पाडतात, कडा कुरतडतात आणि खाली काळी लेंडी टाकतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे यांना चावता येत नाही, ते रस ओढतात. त्यांनी बसलेलं पान पिवळं, ठिपकेदार होतं, आकसतं, कधी हाताला चिकट लागतं, आणि त्या चिकटपणावर पुढं काजळीसारखी काळी बुरशी धरते. पोखरणारी अळी बाहेर फारसं काही दाखवत नाही. एखादंच बारीक भोक, आणि त्याच्या वरचा भाग सुकलेला.

दुसरी गोष्ट, इजा कुठल्या पानावर आहे? कोवळ्या शेंड्यावर की खालच्या जून पानांवर? आणि तिसरी, जी लोक सहसा बघत नाहीत: एकाच प्रकारच्या झाडावर आहे की सगळ्यांवर सारखीच? कीड निवड करते. वांग्याची कीड वांग्याला लागते, कारल्याची कारल्याला. वांगं, मिरची, भेंडी, चवळी या सगळ्यांची टोकं एकाच आठवड्यात एकसारखी करपली असतील, तर ती किडीची खूण नव्हे. ते कपड्याच्या पावडरीचं काम आहे. पावडरीतला सोडा आणि क्षार पाण्याबरोबर पानावरून घरंगळत टोकाशी साठतात आणि पाणी उडून गेलं की तिथंच जाळतात. म्हणून टोकं आणि कडा आधी गेल्या. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी मारलं असेल तर आणखीच. करपलेलं पान हिरवं होणार नाही, पण नवी फूट स्वच्छ येईल. दृष्ट वगैरे काही नाही, सासूबाईंना नवे कोंब दाखवा.

तंबाखूचं पाणीही बंद करा. घरगुती असलं तरी निकोटिन हे विषच आहे, कातडीतून अंगात जातं. वर, तंबाखूच्या पानातून एक विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो. विडी-सिगारेट ओढून त्याच हातानं टोमॅटोची रोपं हाताळू नयेत ती याचसाठी.

आता वांगं, कारण सगळ्यांत जुनं आणि चिवट दुखणं ते आहे. मान टाकलेला शेंडा दिसला की लगेच अळी म्हणू नका. दुपारी अख्खं झाड मलूल दिसतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं, तर ते फक्त उन्हाला दमलंय. अख्खं झाड हिरवंगार असतानाच एक-दोन दिवसांत लोळलं आणि सकाळीही उठलं नाही, तर मर रोगाचा संशय घ्या. त्याचं खोड जमिनीलगत कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर आहे. त्याला औषध नाही, झाड मातीसकट काढून टाकायचं आणि त्या जागी दोन-तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची लावायची नाही. पण बाकी झाड टवटवीत आणि एखाद-दोनच शेंडे लोंबतायत, तर मात्र ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. तुमचं वर्णन याचंच आहे.

खात्री करायची असेल तर लोंबणारा शेंडा तोडून अंगठ्याच्या नखानं उभा चिरा. मधला गाभा पोकळ झालेला दिसेल, त्यात ओलसर काळी विष्ठा भरलेली, आणि तिच्या टोकाशी फिकट गुलाबी, तपकिरी डोक्याची अळी वळवळत असेल. वांग्यावर जे ठळक गोल भोक दिसतं, ते बहुतेक वेळा अळी आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. शिरताना ती टाचणीच्या टोकाएवढी असते. देठाच्या टोपीखालून किंवा कोवळ्या सालीतून शिरते आणि ती जखम भरूनही येते. म्हणून वरून नितळ दिसणारं वांगं चिरल्यावर आत किडकं निघतं, आणि बिचाऱ्या भाजीवाल्याला शिव्या बसतात.

यावरून तुमच्या लक्षात येईल की कडुनिंबाचं तेल इथं का चाललं नाही. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात शिरते. तुम्ही बाहेर मारताय, ती आत आहे. या एका अळीपायी शेतकरी इतकं औषध मारतात की तिच्यासाठी बीटी वांगं, म्हणजे या अळीला मारणारं जनुक घातलेलं वांगं, तयार झालं. जालन्याच्या महिको कंपनीनं ते केलं, आणि 2010 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं त्याला स्थगिती दिली. तो वाद मोठा आहे, इथं त्यात शिरत नाही. परसातल्या दहा-बारा झाडांना मात्र कात्री पुरते.

दर रविवारी सकाळी प्रत्येक झाड बघा. लोंबता शेंडा जिथवर सुकलाय त्याच्या खाली इंचभर कापा. भोक पडलेली वांगी, छोटी असली तरी, तोडा. हे सगळं घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलंत तर अळी तिथंच कोष करून पतंग होऊन परत येईल. एक रविवार चुकला की मागची मेहनत वाया जाते, म्हणून हे न चुकता करा. गेल्या हंगामातल्या वांग्याच्या वाळक्या काड्या कुठं रचून ठेवल्या असतील तर आधी त्या जाळा, कोष त्यांतही असतात. कृषी सेवा केंद्रात या पतंगासाठीचा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणारा, मिळतो. अर्ध्या गुंठ्याला एक पुरे. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळं कीड संपत नाही, पण पतंग कधी वाढलेत हे कळतं. आणि नवीन रोपं लावाल तेव्हा ती मच्छरदाणीच्या कापडाखाली वाढवा. फुलं आली की रोज सकाळी झाड हलकं हलवा, वांग्याची फळधारणा त्यानं होते.

वांग्याच्या पानांवर बघताना आणखी एक पाहुणा दिसेल: तांबूस-पिवळा, पाठीवर पुष्कळ काळे ठिपके असलेला भुंगेरा. तो पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. त्याच्या अळ्या पिवळ्या आणि अंगभर काटेरी. हे हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पण याचाच चुलतभाऊ म्हणजे मावा खाणारा, आपल्या बाजूचा ढालकिडा, आणि तिथं फार सांभाळायला हवं. ढालकिड्याची पाठ तुकतुकीत, चमकदार, खरवडणाऱ्या भुंगेऱ्याची मळकट आणि बारीक लव असलेली. पान जाळीदार नाही आणि जवळ मावा आहे, तर तो ढालकिडा.

आणि चवळीवरच्या त्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या? ताई, त्या ढालकिड्याचीच पिल्लं होती. बारीक मगरीसारखी दिसतात, म्हणून भीती वाटते. त्या चवळी खात नव्हत्या, चवळीवरचा मावा खात होत्या. एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या असतील, त्यांना आता राहू द्या. चवळीच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसते का ते बघा. मुंग्या माव्याच्या अंगातून झिरपणाऱ्या गोड रसासाठी येतात आणि त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वाट खोडापाशी अडवली, आणि चार दिवस संपल्यावर मावा पाण्याच्या जोरदार धारेनं पाडला की अर्धं काम झालं.

मिरची. सगळ्यांत जास्त चूक इथं होते. पानं आकसली की सगळे 'बोकड्या' म्हणतात, पण बोकड्या हे दिसण्याचं नाव आहे, कारणाचं नव्हे. कारणं तीन, आणि तिघांचा उपाय वेगळा. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल, तर फुलकिडे. कडा खाली वळल्यात, पान उलट्या वाटीसारखं, गडद हिरवं, अरुंद, देठ लांबलेला, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, रस ओढणारी अतिबारीक कीड). आणि पानं बारीक बारीक, शिरा जाड, शेंडा गुच्छासारखा, झाडाची वाढच खुंटलेली, तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. पुष्कळदा दोन कारणं एकाच झाडावर असतात, त्यामुळं नुसत्या आकारावर भिस्त ठेवू नका.

इथं कागद कामी येतो. सकाळी शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि बोटानं दोन-तीन टिचक्या मारा. मिनिटभर हलू नका. कागदावर पिवळसर किंवा तपकिरी, स्वल्पविरामापेक्षाही बारीक, लांबट रेघा चालायला लागल्या तर ते फुलकिडे. मिरचीच्या फुलात फुंकर मारून बघा, तिथूनही निघतात. कोळी असे पडत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी अगदी कोवळं पान तोडून त्याची खालची बाजू भिंगाखाली धरावी लागते. काचेसारखे, पिवळट, थेंबाच्या आकाराचे ठिपके सावकाश सरकताना दिसले तर कोळी. दोन्ही नाहीत आणि झाड तरीही खुरटलंय, तर विषाणू समजा.

फुलकिडे निघाले तर बागेत एक-दोन निळे चिकट सापळे लावा आणि दर आठवड्याला निंबोळी अर्क फवारा. कोळी निघाले तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक डब्यावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, पानाच्या खालून. ते फुलकिड्यांवर उपयोगी नाही, आणि फुलकिड्यांची बरीच औषधं कोळ्यांना काही करत नाहीत. म्हणून तर आधी ओळख. गंधक आणि कडुनिंबाचं तेल यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. कडक उन्हात गंधक मारायचंच नाही. आणि विषाणूचं झाड निघालं तर मन घट्ट करून उपटा. ते बरं होत नाही, उलट शेजारच्या झाडाला देतं. मात्र ते ठरवायची घाई नको. मी एका वर्षी खुरटलेली मिरचीची रांगच्या रांग विषाणू समजून उपटली. नंतर एक पान भिंगाखाली धरलं तर कोळी होते. गंधकानं ती झाडं वाचली असती. त्याचं वाईट आजही वाटतं.

निंबोळी अर्क घरी करता येतो, तेलापेक्षा तो मला भरवशाचा वाटतो. वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ती पुरचुंडी पांढरट पाणी सुटेपर्यंत पिळा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला. फवारायचा संध्याकाळीच, कारण उन्हानं त्यातला गुण उतरतो, आणि उरलेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही. निंबोळ्या आषाढात झाडाखाली सडा पडतो तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. यंदा विकतच्या घ्या.

कारलं आणि दोडका यांची तक्रार वाचायला सारखी वाटते, पण कारण निराळं. कारलं वाकडं होऊन पिवळं पडतं, त्यावर एखादा चिकट डिंकासारखा थेंब दिसतो का? असेल तर फळमाशी. मादी कोवळ्या फळाला सुई टोचावी तसं टोचते, आत अंडी घालते. टोचल्या जागी वाढ थांबते म्हणून फळ त्या बाजूला वळतं. कापलंत तर आत पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या, काही तर ताटलीतून टुणकन उडी मारतील. औषध अळीपर्यंत पोचत नाही. फळ बोटाएवढं झालं की जुन्या पातळ साडीच्या कापडाची किंवा कागदाची पिशवी त्याला बांधा. माशी त्यावर बसते आणि निघून जाते. टोचलेली फळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात, खड्ड्यात नाही, कारण ही अळी मातीत जाऊन कोष करते. वेलाखालची माती अधूनमधून वरवर हलवत राहा. सापळा घ्याल तर दुकानात स्पष्ट सांगा, 'क्यू ल्युअर' द्या. आंब्याच्या फळमाशीचा सापळा दिसायला तसाच असतो, त्यात मिथाइल युजेनॉल असतं आणि कारल्याची माशी त्याकडे फिरकत नाही. तो लावून 'सापळ्याचा उपयोग नाही' म्हणणारी पुष्कळ माणसं मला भेटलीत.

दोडका मात्र बघा: गळलेल्या फळावर टोचल्याची खूण आहे का? नसेल, आणि ते टोकाकडून पिवळं होत सुकत गेलं असेल, तर त्या फुलाला पराग मिळाला नाही, एवढंच. तीन आठवडे औषधं मारल्यावर मधमाशी येणार तरी कुठून? दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. पाच-सहाच्या सुमारास नुकतं उमललेलं नरफूल तोडा, म्हणजे ज्याच्या मागं फळ नाही ते. त्याच्या पाकळ्या मागं करून मधला केसर मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. नातवाला हे काम द्या, मुलांना फार आवडतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, तिथं हेच सकाळी.

टोमॅटोच्या बुडाचा काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग ही कीड नाही, रोगही नाही. पाणी एकदा भरपूर आणि मग चार दिवस नाही, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी थोडं पण नेमानं द्या, बुडाशी पाचोळा पसरा. डाग असलेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील.

भेंडीचं पान उलटं करा. फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे बारीक किडे दिसतील, आणि बोट जवळ नेलं की खेकड्यासारखे तिरपे पळतील. तिरपं पळणं हीच तुडतुड्यांची ओळख. त्यांनी पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबूस होऊन वाकतात. अंघोळीचा साधा साबण किसून लिटरला साधारण 5 ग्रॅम, संध्याकाळी, पानाच्या खालून फवारा. आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. अंगावर पडला तरच किडा मरतो, नंतर त्याचा काही परिणाम राहत नाही, आणि नातवासाठी म्हणूनच हाच उपाय सोयीचा. भेंडी धुवून द्या. एखाद्या भेंडीच्या पानाच्या फक्त शिरा पिवळ्या होऊन जाळं दिसलं, तर तो केवडा नावाचा विषाणूरोग. ते झाड उपटायचं.

रात्री बॅटरी घेऊन फिराल तेव्हा मातीवर, पानावर चकचकीत वाळलेला पट्टा दिसला तर गोगलगायी. 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं साफ केली होती, इतकी भूक असते. ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करा. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालूनच, कारण त्यांच्या अंगावर माणसाला त्रास देणारे जंत असू शकतात. मिठाच्या पाण्यात बादलीत मारा, पण मीठ मातीवर टाकू नका. परसात भारद्वाज येत असेल तर त्याला येऊ द्या, गोगलगायी त्याच्या आवडीच्या.

एवढं सगळं एका दमात करायचं नाही. उद्या सकाळी कात्री घेऊन वांगी. संध्याकाळी दोडक्याची फुलं. परवा कारल्याला पिशव्या. नंतर भेंडीची पानं उलटायची, आणि चार दिवस संपले की संध्याकाळी साबण. काही ओळखू येत नसेल तर किडकं पान कोरड्या कागदात आणि अळी झाकणाच्या बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, पिशवीत कोंबून नेलेलं पान वाटेतच सडतं. 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही विचारता येतं, पण तिथंही तुम्हाला पहिला प्रश्न हाच येईल की, पानाच्या खाली काय दिसलं?

मिरचीचं उत्तर मी मुद्दाम अर्धं ठेवलंय, कारण ते इथून देता येत नाही. तीन वेगवेगळ्या झाडांचे शेंडे कागदावर झटका, कोवळं पान भिंगाखाली धरा, कडा वर वळल्यात की खाली ते लिहा, आणि मला कळवा. तोवर मिरचीला काहीही मारू नका.